छगन मापाऱ्याची आण

खांडबाऱ्याच्या बाजारात छगन वीस वर्षं पायलीनं धान्य मोजत होता. डोंगरातून ज्वारी विकायला येणाऱ्या बाया व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नसत. छगनच्या हाताकडे पाहत. दुसरा मापारी करणसिंग. त्याच्या पायलीवर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, नेहमी दोन बोटं जास्त चढायची आणि ते दाणे फुकट व्यापाऱ्याच्या पोत्यात जायचे.

१९३१ साली शाळेच्या मास्तरांनी एक जुनं शोकांत नाटक बसवलं. त्यात दोन राजपुत्र. थोरला जिवावर बेतलं तरी खोटं बोलत नाही. धाकटा राजाकडे त्याची चहाडी करतो, ती केली नाही अशी तलवारीवर हात ठेवून खोटी शपथ घेतो आणि थोरल्याचा शिरच्छेद होतो. "धाकटा जितका काळा, तितका थोरला उजळ दिसेल," असं मास्तर तालमीत बजावत. उंच, देखणा करणसिंग थोरला झाला. छगन धाकटा.

बाजार उठल्यावर प्रयोग झाला. शपथेची वेळ आली आणि लाकडी तलवार पडद्यामागेच राहिलेली. छगन गडबडला. कडेला रंगपूजेच्या पाटावर ज्वारीची लहानशी रास होती. हाताच्या सवयीनं त्यानं तिच्यातली मूठभर उचलली आणि म्हणाला, "या दाण्यांची आण, भावाविरुद्ध मी चहाडी केली नाही!"

मास्तर खूश झाले. समोरच्या बायांनी मात्र कानांवर हात ठेवले. धान्य म्हणजे त्यांची कणसरी माता. तिला मुठीत धरून कुणी खोटं बोलत नाही.

पुढच्या बाजारी छगनपुढे एकही टोपली आली नाही. सगळ्या करणसिंगापुढे. शीग तशीच चढत होती आणि बाया त्याला हात जोडत होत्या. असंच चाललं तर आपली पायली घरीच पडून राहील, हे छगनला कळलं. का, ते कळेना. त्यानं नेहमी त्याच्याकडेच ज्वारी मोजून घेणाऱ्या गंगीबाईला गाठलं.

"गंगीमाय, ते नाटक व्हतं ना!"

"नाटक शे, ते माले समजस. पण दाना नाटकना व्हता का?"

"माले भाऊच नही शे. मंग ते खोटं कसं?"

"भाऊ नही, मंग तठे कोन बोलना? तूच ना?"

करणसिंग तिकडून ओरडला, "धाकल्या, मन्ह्या टोपल्या पळाडू नको!" बाया हसल्या.

पंधरा दिवसांनी तिथंच दुसरा प्रयोग होता. मास्तरांनी तलवार छगनच्या कमरेला सुतळीनं बांधली. शपथेची वेळ येताच तो तलवारीला हात न लावता पाटावरच्या राशीकडे गेला.

"या दाण्यांची आण, चहाडी मीच केली."

राजा झालेल्या पोस्टमनला पुढचं वाक्यच नव्हतं. करणसिंगानं मात्र मरणाचं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "अरे, सुटना ना तू! घर जाय!" सुटका झालेल्या थोरल्याला मागून कुणीतरी ओरडलं. मास्तरांनी पडदा पाडला आणि छगनशी बोलणं कायमचं टाकलं.

त्या आठवड्याच्या बाजारी गंगीबाईनं छगनपुढे टोपली ठेवली. अर्धीच होती.

"बाकीनी कोठे?"

"करणसिंगकडे. तो ते पहिलेपासून खरंच बोलना व्हता."

करणसिंगाची शीग इथूनही दिसत होती. त्यानं पायली ओढली आणि अर्धी टोपली मोजायला घेतली.