मामांच्या फोटोच्या पिवळ्या कडा

मामा गेल्यावर त्यांचा फोटो मीच महागड्या कॉटन पेपरवर छापून मामीला दिला होता. कागदाच्या पाकिटावर 'शंभर वर्षं टिकेल' लिहून कंपनीवाले मोकळे होतात, फोटो टांगलेल्या भिंतीसमोर उभं राहायचं मला! परवा कळंब्याला मामीकडे गेलो तर फोटोच्या चारी कडा पिवळ्या.

"उदबत्तीचा धूर लागला असंल की," मामी म्हणाली.

काचेच्या आत धूर जातोय कुठला? घरी येऊन त्याच पाकिटातला उरलेला कोरा कागद कपाटातून काढला, नव्या कागदाशेजारी धरला. तोही पिवळा, म्हणजे दोष कागदाचाच.

सकाळी मामीचा फोन आला. "माझाबी फोटू त्याच कागदावर आत्ताच काढून ठेव. माझ्या मागनं पोरांची पळापळ नको."