हेळव्याच्या वहीतला काका

सुगी झाली की आमच्या कागलच्या अंगणात वंशावळ सांगणारा हेळवी बैल बांधायचा. मग घरातला ट्रान्झिस्टर बंद. तंबाखू मळत तो आमच्या बारा पिढ्या घडाघडा म्हणायचा. पाटीलकी मिळण्याआधीचं आमचं आडनावही त्यालाच ठाऊक.

धाकट्या काकानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा आज्जानं हेळव्याला वहीतलं काकाचं नाव खोडायला सांगितलं. तेव्हापासून त्या जागी तो नुसता खाकरायचा. मला त्या खाकरण्याची चीड यायची.

आज्जा गेल्यावर वडिलांनी चाचरत विचारलं, "खोडल्यालं नाव परत घालता येतंय का वो?"

त्यानं वही उघडली. काकाचं नाव तसंच होतं आणि खाली त्याच्या दोन्ही पोरांचीही नावं होती.

"गडहिंग्लजला जाऊन इचारून आलतो की," तो खाकरला. "पत्ता सांगू?"