पटावरचा शेवटचा नंबर

शाळा तपासायला जायचं म्हटलं की आताशा माझे गुडघे आदल्या दिवसापासूनच दुखायला लागतात. नोकरीची तीस वर्षं सरली. पहिली बावीस वर्गात गेली, खडू खात. पुढची आठ केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे दहा-बारा शाळांचे कागद गोळा करून वर पाठवायचे आणि वरून आलेले कागद खाली वाटायचे. मुलांशी संबंध म्हणाल तर फोटोपुरता. हात धुतानाचा फोटो, झाड लावतानाचा फोटो, झाडाला पाणी घालतानाचा फोटो. झाड जगलं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

त्या वर्षी लहान शाळांच्या मूल्यांकनाचं नवं खूळ निघालं. तपासायचे ते वरचे वर्ग, सहावी ते आठवी. ओळखीपाळखीनं मार्क पडू नयेत म्हणून शिरूरच्या माणसांनी दौंडला जायचं आणि दौंडच्यांनी शिरूरला यायचं. तिकडचे एक केंद्रप्रमुख केंदूरला आले, मी तळेगाव ढमढेऱ्यातून निघून भीमा ओलांडून राहूच्या पलीकडे गेले. शेवटी शाळेला अ, ब किंवा क द्यायचा. ज्या लहान शाळेला क पडेल तिचे वरचे वर्ग लांबच्या मोठ्या शाळेत मिसळणार, हे कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मलाही होतं. उगाच कानावर हात ठेवणार नाही.

उसाच्या रानात एक वस्ती, वस्तीच्या टोकाला शाळा. वरच्या तीन वर्गांत मिळून एकवीस मुलं आणि शिकवायला एकच सर. तेच मुख्याध्यापक, तेच गणिताचे, तेच इंग्रजीचे, घंटाही बहुतेक तेच देत असावेत. चाळिशीचा किडकिडीत माणूस. मी मोबाईलवर फॉर्म उघडून एकेक विचारत गेले. परसबाग? नाही. हात धुवायला नळांची रांग? नाही, एकच नळ आहे. रंगवलेल्या बोलक्या भिंती? नाही. संगणक? होता, विजेच्या लपंडावात जळाला. मला त्यांचा रागच आला. अहो, माणसानं थोडं तरी सावरून घ्यावं! दुसऱ्या शाळांत चार कुंड्या आणून ठेवतात आणि परसबाग म्हणून दाखवतात. हा बाबा आपला सरळ नाही म्हणतोय आणि मी नाहीच्या चौकटीत टिचक्या मारतेय.

तपासणीला गेल्यावर माझे दोन नियम असत. एक, त्या शाळेत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. डबा माझा मी नेते. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, काही नाही. दुसरा नियम वाचनाचा. प्रत्येक वर्गातलं कुठलंही एक मूल निवडून त्याला छापील कार्डावरचा दहा ओळींचा उतारा दोन मिनिटांत वाचायला लावायचा, असं फॉर्ममध्ये होतं. कुठलंही म्हणजे कुठलं, ते तपासणाऱ्यानं ठरवायचं. मी हजेरीवरचा शेवटचा नंबर घ्यायची. कारण साहेब येणार म्हटलं की हजेरीवरचे पहिले चार-पाच घोटून तयार केलेले असतात. मी वर्गावर असताना हेच केलंय की! हजेरीत आधी मुलं लिहितात, मग मुली, आणि वर्षाच्या मधेच आलेलं मूल सगळ्यांच्या खाली. त्या तळाच्या नंबराकडे कुणाचंच लक्ष नसतं. तिथं शाळेचं खरं काय ते कळतं, असं मी मीटिंगांमध्ये मान ताठ करून सांगायची आणि नवे लोक ते वहीत उतरून घ्यायचे.

सहावीचा शेवटचा नंबर एक मुलगा होता. त्यानं उतारा असा धडाधडा वाचला की मलाच म्हणावं लागलं, अरे, श्वास घे. आठवीची मुलगीही छान वाचून गेली. सातवीत मुलं आठ, म्हणजे शेवटचा नंबर आठ. उठून आली ती उंच, काळीसावळी, दोन वेण्या घट्ट बांधलेली मुलगी. हाताला गुळाचा वास येत होता. मी तिच्या हातात कार्ड दिलं. बाजारातून परत येताना एका आजोबांची शेळी चुकते, अशी साधी गोष्ट होती त्यावर.

"आ... जो... बा..." तिनं सुरुवात केली. बोट प्रत्येक अक्षराखाली. एखादं जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवायची, मग उच्चारायची. बरोबर उच्चारायची, हे मी त्या वेळीही ऐकलं होतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दोन मिनिटं झाली तेव्हा ती तिसऱ्या ओळीवर होती.

"पुरे," मी म्हटलं.

ती थांबली नाही. तिसरी ओळ पुरी करून मगच तिनं मान वर केली.

सर पुढं आले. "मॅडम, ही मुलगी म्हणजे जरा..."

"सर, कारणं नकोत," मी त्यांना तोडलं. "तीस वर्षं कारणंच ऐकतेय मी. सातवीतलं मूल अक्षर लावून वाचतंय, आणखी काय बघायचं?"

ते दोन पावलं मागं सरले. मग "बरं" म्हणाले आणि फळा पुसायला लागले. तो फळा आधीच पुसलेला होता. मुलगी कार्ड हातात घेऊन जागेवर जाऊन बसली आणि मी फॉर्ममध्ये सातवीपुढं 'पातळीच्या खाली' अशी नोंद केली. एक वर्ग खाली गेला की शाळा क मध्ये जायची, असा त्या फॉर्मचा हिशेब होता. परसबागेनं आणि भिंतींनी आधीच निम्मं काम केलेलं होतं.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायरीवर येत होती. तिथं उभं राहून मी फॉर्म पाठवून दिला. पुन्हा पुन्हा कोण त्या रेंजच्या मागं लागणार, म्हटलं एकदाचं सुटू या. मग वडापच्या जीपची वाट बघत तिथंच बसले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी पातेलं घासायला टाकीवर आल्या.

"बाई, जेवला न्हाई ते न्हाई, च्या तरी घ्या."

"नको मावशी, मी बाहेरचं घेत नाही."

"आमी बाहेरचं व्हय?" त्या हसल्या. मग पातेल्यात राख टाकत म्हणाल्या, "त्या गुऱ्हाळावरच्या पोरीला वाचाया लावलंत म्हनं. लय भ्याली असंल. दिवाळीच्या माघारी आली तवा तिला सोताचं नाव बी लिवता येत न्हवतं. कवा साळंतच गेली न्हाई ना. आईबाप यूपीचे, आज ह्या गुऱ्हाळावर, उद्या त्या. सरांनी बापाच्या हातापाया पडून आनली. वयानं सातवीत बसवायची असं सरकारच म्हनतं, म्हून सातवीत. साळा सुटल्याव तासभर थांबत्यात रोज तिच्यासाठनं. मराठी तर तिला माझ्या चुलीपाशी बसून आली, त्ये मीच शिकिवलं हां!"

दिवाळीनंतर. आणि तो दिवस फेब्रुवारीतला. मी बोटांवर महिने मोजले. चार भरत होते, तेसुद्धा जेमतेम. बावीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलंय, चार महिन्यांत तीन ओळी म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. तेसुद्धा परक्या भाषेतल्या तीन ओळी, आणि चूक एकही नाही. मी आठ वर्षांत जितक्या शाळांचे जितके फोटो पाहिले असतील नसतील, त्या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट माझ्यासमोर उभी राहून वाचत होती आणि मी घड्याळ बघत होते. सर सांगायला आले होते तर त्यांचंही तोंड बंद केलं. कपाळ माझं!

मी तिथूनच ऑफिसला फोन लावला. पलीकडचा पोरगेला आवाज म्हणाला, "मॅडम, फॉर्म लॉक झालाय. आता वरून उघडावा लागेल."

"मग उघडा."

"तसं पत्र द्या."

दिलं. एकदा दिलं, मग आठवण म्हणून पुन्हा दिलं, मग स्वतः जाऊन टेबलावर ठेवून आले. तिथल्या साहेबांनी चहा मागवला. "मॅडम, तुमचं म्हणणं पटतं मला," म्हणाले. "पण ती आली तेव्हा काय येत होतं आणि आता काय येतं, अशी चौकटच फॉर्ममध्ये नाही. कुठं भरायचं?" मी भांडले. म्हटलं, माझी चूक आहे, माझ्या नावावर लिहा, मला नोटीस काढा. ते हसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःवर नोटीस मागणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. तपासणीहून घरी आल्यावर कार्डं मोजली तेव्हा एक कमी भरलं होतं, त्याचा मात्र लेखी खुलासा त्यांनी तत्परतेनं मागून घेतला.

जूनमध्ये आदेश निघाला. वरचे तीन वर्ग सहा किलोमीटरवरच्या शाळेत. वस्तीवरच्या मुलांच्या घरच्यांनी मिळून जीप लावली. सरांची बदली पार दुसऱ्या टोकाला झाली. त्यांचा एकदाच फोन आला. मला वाटलं, चांगले खडसावतील, माझीही तयारी होती. "मॅडम, तुम्ही पत्रं लिहिलीत असं कळलं," ते म्हणाले, "आभारी आहे." चार शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं. मी विचारलं, ती मुलगी जाते का हो मोठ्या शाळेत? ते म्हणाले, "बाप म्हणतो, एवढ्या लांब पोरीला एकटी जीपमध्ये धाडणार नाही. माझंही आता तिथं जाणं होत नाही."

पुढच्या हिवाळ्यात राहूला एका प्रशिक्षणाला गेले होते. दुपारी सुटलं. खरं तर घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं, गुडघे बोलत होते. पण पाय गुऱ्हाळाच्या वाटेला लागले. विचारत विचारत गेले. चुलवाणावर काहिलीत रस उकळत होता आणि समोरच्या मैदानात ऊस पिळून उरलेली चिपाडं वाळत घातली होती. ती मुलगी तिथं चिपाडं पसरत होती. वर्षात आणखी उंच झालेली. मी ओळखायच्या आत तिनं मला ओळखलं आणि हातातलं टाकून उभी राहिली.

"मॅडम, तुमी साळा बघायला आलेल्या ना?"

"हो गं."

ती खाली बघायला लागली. मग एका दमात म्हणाली, "पोरं म्हनत्यात, मी अटकले म्हून साळा गेली. सच हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी नीट ऐकलं नाही."

तिला ते पटलं नसावं. मोठी माणसं असं बोलतात हे तिला एव्हाना ठाऊक झालं असणार. "थांबा हां," म्हणाली आणि खोपीकडे पळाली. परत आली ती गूळ बांधायच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उघडलं तर माझं हरवलेलं कार्ड. कडा चिकट झाल्या होत्या, एक कोपरा गेला होता.

"बघा हां," ती म्हणाली, आणि ताठ उभं राहून वाचायला लागली. बोट न ठेवता. आजोबा बाजारातून निघाले, शेळी चुकली, ओढ्यापाशी सापडली. दहाच्या दहा ओळी. पाठ झालं असेल अशी शंका मला आली, नाही असं नाही, इतक्या वर्षांची खोड ती. म्हणून मी तिथंच पडलेला वर्तमानपत्राचा तुकडा उचलून तिच्यापुढं धरला. कांद्याच्या भावाची बातमी होती. तिनं तीही वाचली. दोनदा थांबली, पुढं गेली.

माझे डोळे भरून आले. चुलवाणाच्या धुराचं निमित्त होतं, ते कामी आलं.

"आता लिवा ना," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"येतं म्हून लिवा. तवा लिवलं ना, येत न्हाई म्हून."

मी पर्समधून पेन काढलं. कार्ड उलटं केलं. त्यावर लिहिलं, या मुलीला उत्तम वाचता येतं, चार महिन्यांत ती शून्यापासून शिकली, तिच्या शाळेनं शिकवलं, ती शाळा चांगली होती. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख टाकली. तिनं कार्ड घेतलं आणि मी लिहिलेलं सगळं वाचलं. मोठ्यानं, सावकाश, सहीच्या खालच्या हुद्द्यासकट. 'केंद्रप्रमुख'मधली दोन्ही जोडाक्षरंही तिला आली.

मग तिनं विचारलं, "मॅडम, हे आता कुनाला नेऊन द्यायचं? मंजी साळा परत सुरू हुईल?"

पलीकडून तिचा बाप हाका मारत होता, चुलवाणात घालायला चिपाडं हवी होती. ती कार्ड धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पर्स खाली ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून चिपाडं गोळा करायला लागले.