पणजोबांच्या कागदावरचा हुद्दा

"मॅडम, तुम्ही इथे शिपाई लिहिलंय. कागदावर तर स्वीपर आहे. झाडूवाला." साहेब मुलांसमोर मोठ्याने वाचत होते. मग हसून म्हणाले, "दोन्हींत थोडा फरक असतो हो."

दोन मुलं हसली. माझ्याच वर्गातली.

साल २०१४. मस्कतमधल्या एका शाळेत मी इतिहास शिकवत होते. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून मुलांनी प्रदर्शन मांडलं होतं. इंग्रजांनी हिंदी फौज इराकमधल्या बसऱ्याला का नेली, त्यातून काय झालं. साहेब शाळेच्या समितीवर. नोकरी मला त्यांच्याच शब्दाने मिळालेली. ते उपकार मी आजही नाकारत नाही. त्यांचे पणजोबा त्या लढाईत अधिकारी होते. तलवारीसह फोटो. त्याच्या शेजारी मी माझ्या पणजोबांचा कागद लावला होता, खाली चिठ्ठी : लढाईतला शिपाई.

लढाईनंतर पलटणीकडून आमच्या घरी हा कागद आला. माणूस आला नाही. घरात कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. दसऱ्याला गावातली मोठी घरं शस्त्रं पुजायची, आम्ही हा कागद पुजायचो. आठवीत असताना मी तो वाचला. एक शब्द अडला, तो शाळेच्या शब्दकोशात पाहिला. घरी बाबा वाट पाहत होते.

"काय लिवलंय गं?"

"शिपाई," मी म्हणाले.

बाबा रडले. ते खोटं मी मस्कतपर्यंत आणलं.

"शेजारी नको," साहेब म्हणाले. "तिकडे कोपऱ्यात लावा. बाकी तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे." कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

मी "हो सर" म्हणाले.

स्टाफरूममध्ये बसून राहिले. मुलांकडून मी लढाईची कारणं पाठ करून घेतली होती. तेल. हिंदुस्थानचा सागरी मार्ग. साम्राज्याची हाव. त्या हावेपायी आमच्या माणसाला बोटीत घातलं, तळावरचे संडास साफ करायला लावले. तापाने तो तिथेच गेला. आणि त्याच्या कामाची लाज मला वाटत होती. इंग्रजांना नाही, साहेबांना नाही. मला.

बाबांना फोन लावला. खरं सांगितलं.

"म्हंजे आज्यापाशी बंदूक नव्हती?"

"नव्हती, बाबा."

"तरी मेला." त्यांनी फोन ठेवला.

मी खाली गेले. कागद पुन्हा फोटोशेजारी लावला. खाली नवी चिठ्ठी : पलटणीतला झाडूवाला. माझा पणजोबा.

साहेब हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या कराराचा विचार करा, मॅडम."

"केलाय, सर. कागद इथेच राहील."

करार वाढला नाही. बाबा अजून माझ्याशी मोकळं बोलत नाहीत. आता मी तालुक्याच्या शाळेत शिकवते. लढाईचा धडा आला की आधी संडास साफ करणाऱ्यांची गोष्ट सांगते, सेनापतींची नंतर. कुणी हसलं तर थांबते, आणि तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्याने सांगते.