बोळातून येणारा वारा

ओल्या वाळ्याच्या ताट्यांमधून गाळून आलेला वारा नागपूरच्या दुपारी कधी अंगावर घेतला आहे का तुम्ही? बाहेर डांबर मऊ पडलेलं, कडुलिंबाखाली कुत्रं निपचित, आणि आत अंधारलेल्या खोलीत कूलरच्या संथ घरघरीबरोबर येणारा तो शीतल, मातकट सुगंध! आमच्या घरातल्या वाऱ्याला मात्र आणखी एक गंध होता. त्याविषयी मी घराबाहेर कधी कुणाशी बोललो नाही. बोलणं हा माझा प्रांतच नव्हे. पण आता वय असं आलं आहे की न बोललेल्याचंच ओझं अधिक वाटतं.

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. हुडकेश्वरच्या बाजूला तेव्हा घरांपेक्षा शेतंच जास्त. तिथे आम्ही घर बांधलं, तेव्हा जो भेटेल त्याचा एकच सल्ला : मागे दोन खोल्या काढा, भाडेकरू ठेवा, घराला सोबत होते. सोबत! घर माणसांसाठी बांधावं आणि त्या घरालाच सोबत शोधावी, ही कल्पना मला मोठी रम्य वाटली. काढल्या खोल्या. घर आणि खोल्या यांच्यात हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढा बोळ ठेवला. त्यात दिवसभर सावली; म्हणून मोठ्या हुशारीने मी आमचा कूलर बोळाकडच्या खिडकीत बसवला. सावलीतली हवा ओढेल, अधिक गार फेकेल, हा हिशेब. समोर भाडेकरूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे, हे माझ्या हिशेबात आलंच नाही.

भाडेकरू आले ते मधुकर आणि सुशीला. तो वाडीला ट्रकवाल्यांच्या गोदामात कामाला, ती काटोलकडची, नुकतं लग्न झालेली. आणि त्या उन्हाळ्यापासून आमच्या वाऱ्यात वाळ्याबरोबर लसणाची फोडणी येऊ लागली, भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा येऊ लागला, आणि रविवारी, काय सांगू, मटणाच्या रश्शाचा तो घनगंभीर, मादक दरवळ! आमचं घर शुद्ध शाकाहारी. माझी पत्नी मालती अंड्याचं टरफल पाहूनही दोन पावलं मागे सरणारी. ती नाकाला पदर लावी. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून दीर्घ श्वास घेई. कूलर दुसऱ्या खिडकीत हलवा, असं तिने कितीदा म्हटलं; तिकडे ऊन येतं, असं मी तितक्यांदा म्हटलं. ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

मग पुढच्या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं, तेही रविवारी. आंब्याची डाळ, पन्हं, मोगऱ्याचे गजरे, आणि कूलरसमोर दाटीवाटीने बसलेल्या साऱ्या ओळखीच्या बायका. ऐन ओटी भरताना बोळातून फोडणीचा चर्र आवाज आला, आणि पाठोपाठ तो गंध, भिजलेल्या वाळ्यातून न्हाऊन, साऱ्या खोलीभर! मग शेजारच्या काकू म्हणाल्या, “मालती, डाळ तर छान झाली गं. पण कूलरमध्ये काय शिजून राहिलं?” हशा असा उसळला की गौरीच्या पाळण्याचीही घुंगरं हलली असतील.

मालती हसली नाही. सायंकाळी तिने मला निक्षून सांगितलं, “महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगा.” सुशीलाला सातवा महिना लागलेला. अशा अवस्थेत तिने कुठे खोली शोधत हिंडावं? तरी मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गप्प राहणारा माणूस स्वतःला सज्जन समजतो. त्याच्या गप्प राहण्याचा भार कुणाच्या पाठीवर पडतो, हे तो पाहतो का?

दुसऱ्या दिवसापासून बोळ मुका झाला. हळदीकुंकवातलं हसणं सुशीलाने ऐकलं होतं. मी विचारलं तेव्हा मधुकर मान खाली घालून म्हणाला, “ते फोडणीच देत नाही आता, भाऊ. वहिनीले तरास होते म्हणते. चटणीभाकर खाऊन राहिली. डोहाळे लागले होते तिले, म्हणून त्या दिवशी मटण आणलं होतं.”

डोहाळे! त्या शब्दाने मी आतून हललो. रात्री जेवताना ते मालतीला सांगितलं, आणि आयुष्यात प्रथमच न थांबता बोललो. चूक त्यांची नाही, माझ्या कूलरची आहे. तो आपण होऊन त्यांच्या चुलीवरचं ओढून आणतो. आणि तो मी हलवला नाही, कारण… “कारण मला तो वास आवडतो.”

मालतीचा हात ताटातच थांबला. मग ती म्हणाली, “ते काय मला माहीत नाही? रविवारी तुम्ही कोरड्या बटाट्याच्या भाजीबरोबर दोन पोळ्या जास्त खाता!” आणि जी हसत सुटली, ती पदराने डोळे पुसेपर्यंत. हसता हसताच उठली, डब्यात आंब्याची डाळ भरली आणि मागच्या खोल्यांकडे गेली. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, फक्त सुशीलाचं “काहून एवढं वहिनी, राहू द्या ना” कानी आलं, आणि मालतीचं, “डोहाळेकरणीने अन्नाला नाही म्हणू नये. तुला हवं ते शिजव.”

सकाळी मधुकरने आणि मी कूलर उचलून पुढच्या खिडकीत नेला. “भाऊ,” तो डोळे मिचकावत म्हणाला, “आता तुमची पोळी घशाखाली कशी उतरन?” खोल्या रिकाम्या करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या खिडकीतला वारा निर्मळ होता, थोडा कोमट, आणि खरं सांगू, अगदीच एकटा. भिंती आपण बांधतो, भाडं आपण घेतो. पण भिंतींमधून वाहणाऱ्या वाऱ्यावर मालकी कुणाची? ते मला पुढच्याच रविवारी उमगलं. दुपारी मालती म्हणाली, किती कोंदटलंय, आणि तिनेच बोळाकडची मोकळी झालेली खिडकी सताड उघडली. नाकाला पदर लावलाच. पण तिथून हलली नाही. थोड्या वेळाने तिचा आवाज बोळ ओलांडून गेला :

“अगं सुशीला, लक्ष कुठे आहे? कांदा करपून राहिला ना!”