व्याह्यांचा वाल

जगात सगळ्यात महागडी भाजी कुठे पिकते असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन, खालापूरला, माझ्या व्याह्यांच्या वाफ्यात. माझी लेक त्या घरात दिली आणि थोड्याच दिवसांत व्याही रसायनीच्या कारखान्यातून रिटायर झाले. त्यांच्या सोसायटीने पंपाच्या खोलीमागची मोकळी जागा भाजी लावायला हौशी लोकांत वाटून दिली होती. त्यातला एक वाफा यांच्या वाट्याला आला, जेमतेम दोन खाटा मावतील एवढा. पण थाट काय विचारता! जन्म सेफ्टी खात्यात गेलेला माणूस. डोक्यावर हेल्मेट आणि पायात ते जाडजूड बूट असल्याशिवाय मेथीला हात लावत नसे. वाफ्याला कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकावर पाटी, ‘विनापरवाना प्रवेश नाही’. माकडांना वाचता येत नसल्यामुळे ती आली आणि टोमॅटो घेऊन गेली. मग जाळी आली. कुंभिवलीहून टेंपोभर लाल माती आली, तिच्यात मातीपेक्षा विटांचे तुकडे जास्त, म्हणून चाळण आली. शेणखत आलं, त्याच्यासोबत मुळं खाणारी हुमणी आली, हुमणीसाठी औषध आलं. एवढा सगळा लवाजमा आल्यावर एके दिवशी एक वांगं आलं.

ते एकुलतं एक वांगं पिशवीत घालून व्याही स्कूटरवरून थेट दहिवलीला, माझ्या दारात! “जय भीम, विहीणबाई. घरचं हाय.” चिरलं तर आत अळी. आता व्याह्यांना अळी दाखवायची कोणत्या तोंडाने? मी आपली गपचूप बटाट्याची भाजी केली आणि वांग्याचे बरे निघालेले चार तुकडे त्यांच्या ताटात वरच ठेवले. “अशी चव बाजारात मिळंल का?” त्यांनी विचारलं. “शक्यच नाही,” मी म्हणाले. लेक फोनवर कुरकुरायची, “आई, तू तरी सांग ना गं त्यांना. एवढ्या खर्चात आख्खा आठवडी बाजार घरी आला असता.” सांगणार काय, कप्पाळ! व्याही म्हणजे जावयाचा बाप. त्याच्या वांग्याला नावं ठेवायची नसतात.

मला कुतूहल होतं ते वेगळंच. कोथिंबीर जळली, भेंडी गोगलगायींनी खाल्ली, तरी हा माणूस हसायचा. पण वालाचा विषय निघाला की एकदम गप्प. दर थंडीत वाल लावायचा म्हणजे लावायचा. आणि त्याची बडदास्त केवढी! सकाळपाळी, संध्याकाळपाळी, शिफ्ट लावल्यासारखं पाणी. वेल असा माजायचा की पानांखाली जाळी दिसेना, पण शेंग म्हणून धरेल तर शपथ. बाजारात ढिगाने वाल असताना ह्यांना एवढी कसली ओढ लागून राहिली आहे, हे मला काही केल्या कळेना.

गेल्या थंडीच्या तोंडावर सोसायटीने ठरवलं की होळीनंतर तिथे पार्किंग करायचं. व्याही माझ्याकडे आले ते चेहरा पाडूनच. “विहीणबाई, एकदा तरी माझ्या वालाची पोपटी व्हायला पायजे व्हती. आता ही शेवटचीच खेप.” पोपटी म्हणजे आमच्या भागातली थंडीची मेजवानी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मला राहवेना. म्हटलं, “रागावू नका, पण वालाला कुणी पाणी घालतं का हो? भात कापल्यावर जमिनीत उरते त्या ओलीवर आणि दवावर येतो तो. गावात वाढलात, एवढंही माहीत नाही?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “कसं माहीत असणार? बा मालकाच्या शेतावर वाल राखायचा. मला बांधावर पाय ठेवू द्यायचा नाय. म्हणायचा, तू शाळंत जा रं, ही माती आपली नाय. पोपटी लागली की आमच्या घरापर्यंत वास तेवढा यायचा.” मला एवढं वाईट वाटलं की दुसरा कप चहा त्यांना न विचारताच टाकला.

त्या दिवसापासून व्याह्यांचा उपास सुरू झाला, पाणी न घालण्याचा. हात शिवशिवायला लागले की स्कूटर काढायचे आणि माझ्याकडे येऊन बसायचे. माझ्या कुंड्या पाण्याने सडल्या, पण वालाला शेंगा लागल्या! फार नव्हेत, ओंजळभर. पोपटीच्या दिवशी मडकं भरायला बाकीच्या शेंगा बाजारातूनच आणल्या. पण आपल्या तेवढ्या त्यांनी पाल्याच्या वेगळ्या पुडीत बांधून वर ठेवल्या. संध्याकाळी मडकं फोडलं, पुडी उघडली, आणि पहिली शेंग त्यांनी गावाहून मुद्दाम आणून खुर्चीत बसवलेल्या आपल्या म्हाताऱ्या बाच्या हातात दिली.

बाने ती खाल्ली नाही. मुठीत लपवली आणि हळूच विचारलं, “मालकाला इचारलंस का रं?”

“मालक मीच हाय, बा. खा तू.”

म्हाताऱ्याने मूठ उघडली, शेंग सोलली, एक दाणा सावकाश चावला. “ब्येस हाय,” तो म्हणाला. “पर पाणी जरा जास्तच झालंय.” आम्ही सगळे खो खो हसलो. व्याहीही हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत बसले. मला तर रडूच आलं, धुराचं निमित्त बरं सापडलं.

आता तिथे फरश्या घातल्यात आणि गाड्या लागतात. लेक सांगते, जावयाची मोटारही तिथेच असते. व्याह्यांची स्कूटर मात्र अजून सोसायटीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावरच उभी असते.