खाणीतला शड्डू

पेठ वडगावच्या अलीकडे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. हिवाळ्यात तिथलं पाणी इतकं नितळ होतं की खाली सोडलेला दोर बराच खोलवर दिसतो. मी आणि माझा थोरला भाऊ तिथे एका दमात बुडी मारायचा सराव करतो. सिलिंडर नाही, काही नाही. एकजण खाली गेला की दुसऱ्याने वर राहून नजर ठेवायची.

दादा जुना पैलवान. कुस्तीआधी भात्यासारखे भराभर श्वास ओढायचे आणि शड्डू ठोकायचा, ही तालमीतली सवय. पाण्यात ती जिवावर बेतते. तशाने हवा जादा साठत नाही, फक्त दम संपल्याचं उशिरा कळतं. बुडी शिकवणाऱ्याने कितीदा बजावलं होतं. त्या सकाळी तो पुन्हा तेच करायला लागला, तेव्हा मी अडवलं.

"गप की. आखाड्यात जन्मभर हेच केलंय, मला काय हुतंय?" म्हणाला, काठावरच शड्डू ठोकला आणि गेला.

मी दोराजवळ तरंगत वरून बघत होते. खाली पोचला, वळला, दोराच्या कडेने झकास वर यायला लागला. माझ्या हाताच्या अंतरावर आला आणि थांबला. धडपड नाही, काही नाही. डोळे उघडे, आणि तो सावकाश परत खाली जायला लागला.

बखोट धरून त्याला वर ओढलं, डोळ्यांवरचा मास्क काढला, शिकवल्याप्रमाणे गालावर फुंकर मारत ओरडत राहिले, "दादा, श्वास घे." ओठ निळे पडले होते. पलीकडे गोधड्या धुणाऱ्या बायका ओरडत होत्या, "पालथं घाला त्येला, पोटातलं पानी काढा." पोटात पाणी नव्हतंच. हा गेला, आता वहिनीला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग त्याने घोरल्यासारखा मोठा श्वास ओढला.

त्याला काठावर आणून बसवलं.

"काय झालं गं? रडायलीस कशाला?"

"तू बेशुद्ध पडला होतास."

"मी? खुळी हायस काय. वर आलो, तुझ्याशी बोललो की, आज लई सोपं गेलं म्हणून."

तो खोटं बोलत नव्हता. मी हादरले ते तेव्हा. तो तळाशी गेला असता, तरी त्याच्या लेखी तो वर येऊन माझ्याशी गप्पाच मारत असता.

"आनी एक मारतो," म्हणत तो उठला. मी त्याचे दोन्ही पाय कवेत धरले आणि सोडले नाहीत.